रोमचे प्राचीन अवशेष आणि पाँपेई: तिकिटं, क्रम आणि दगडात नेमकं काय बघायचं

दगडवाचक

युरोप सहलीच्या बहुतेक आराखड्यांत रोमला एक दिवस मिळतो. त्यात कोलोसियम बाहेरून, एक फोटो, मग व्हॅटिकन. ज्यांना प्राचीन अवशेषच बघायचे आहेत त्यांच्यासाठी हा धागा आहे. व्हॅटिकन, खरेदी आणि जिलाटो यांना इथे जागा नाही.

आधी तिकिटाचं बघू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि त्याला लागून असलेली पॅलाटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्रच असतं. साधं तिकीट १८ युरोचं आणि २४ तासांचं. रिंगण, तळघर किंवा वरचे मजले हवे असतील तर २४ युरोचं, ते दोन दिवस चालतं. दर बदलत असतात, त्यामुळे घेताना अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघा. पत्ता: ticketing.colosseo.it. शोधयंत्रात वरती येणाऱ्या पहिल्या चार-पाच दुव्यांपैकी बरेचसे दलालांचे असतात आणि तेच तिकीट ४०-५० युरोला विकतात. २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने तिकिटं यंत्राने घाऊक उचलण्याच्या प्रकरणात तेव्हाचा तिकीट ठेकेदार आणि काही सहल कंपन्या यांना मिळून सुमारे २ कोटी युरो दंड ठोठावला होता. यावरून कल्पना यावी.

तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात. तळघराची काही मिनिटांत संपतात. वेळ रोमची धरायची: उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात लोक तासभर उशिरा संगणकासमोर बसतात.

तिकिटावरची ठरलेली वेळ फक्त कोलोसियमसाठी असते. फोरम-पॅलाटाइनला तिकिटाच्या मुदतीत कधीही जा, पण एकदाच. दोन्ही एकाच कुंपणात आहेत. फोरम बघून बाहेर पडलात आणि मग पॅलाटाइन आठवली, तर दुसरं तिकीट काढावं लागतं.

अबोली_९

उत्तम धागा. दोन शंका आहेत. तिकिटावर नाव लागतं असं वाचलं. आपल्या पासपोर्टवर नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं, ते भरायचं का? आणि १६ वर्षांची मुलगी व ज्येष्ठ नागरिक यांना काही सवलत आहे का?

दगडवाचक

अबोली, ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमचं तिकीट नावानिशी आहे आणि दारावर ओळखपत्राशी पडताळतात. अर्जात 'नोमे' म्हणजे नाव आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. आपण आडनाव आधी लिहायच्या सवयीने नेमकं उलटं भरतो. पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात जे आहे ते सगळं, वडिलांच्या नावासकट, 'नोमे'मध्ये टाका. आडनावाचा रकाना रिकामा असलेले पासपोर्ट थोडे त्रासाचे. तिथे नावाचे दोन भाग करून दोन्हीकडे भरा आणि व्हिसाची प्रत जवळ ठेवा. गटातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच नावावर काढणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी गडबड आहे.

१८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, कुठल्याही देशाच्या मुलांना. पण शून्य युरोचं तिकीट आरक्षित करावंच लागतं, नाहीतर मुलीला वेळ मिळत नाही. १८ ते २५ वयासाठीचं २ युरोचं सवलतीचं तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय विद्यार्थी-ओळखपत्र तिथे चालत नाही. ज्येष्ठांना सवलत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत असतं, पण त्या दिवशी आगाऊ आरक्षण नसतं. जागेवर रांग लावायची. पैसे वाचतात, सकाळ जाते.

पोटोबा

पाण्याचं मी सांगतो. रोममध्ये रस्त्यावर अडीच हजारांच्या आसपास लोखंडी नळ आहेत, त्यांना 'नाझोने' म्हणजे मोठं नाक म्हणतात. पाणी पिण्याचं आणि थंड, चोवीस तास वाहतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, तिथून प्यायचं. फोरमच्या आतही नळ आहेत. दारातल्या विक्रेत्याकडून बाटली विकत घेणं म्हणजे उगाच दानधर्म. काचेची बाटली मात्र कोलोसियमच्या तपासणीत बाहेर ठेवायला लावतात. मोठ्या पिशव्याही आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायला तिथे सोय नाही, त्यामुळे सामान तेर्मिनी स्थानकावर किंवा हॉटेलात.

उलटसुलट

थोडा विरोधी सूर. कोलोसियम आतून बघायची खरंच गरज आहे का? आत गर्दी, रेलिंग आणि उघडं तळघर. बाहेरून फुकट दिसतं तेवढं पुरेसं आहे. तेवढा वेळ फोरमला द्यावा.

दगडवाचक

अर्धं मान्य. पहिल्यांदाच जाणाऱ्याने आत जावं, पण तासा-दीड तासात बाहेर यावं. तिथे तीन तास काढून फोरम पाऊण तासात गुंडाळतात, तो व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

आणि बाहेरून बघायचं तरी नुसतं तोंड वर करून नाही. सम्राट व्हेस्पेशियनने काम सुरू केलं, इ.स. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस याने उद्घाटन केलं. लंबवर्तुळ १८८ बाय १५६ मीटर, बाहेरची भिंत ४८ मीटर उंच. ती पूर्ण उंचीची भिंत आज फक्त उत्तरेकडे उरली आहे. दक्षिण बाजू १३४९ च्या भूकंपात कोसळली आणि तिचे दगड रोमभर इमारतींना गेले. दक्षिण बाजूखाली नदीकाठची मऊ गाळाची जमीन आहे, म्हणून तीच बाजू आधी गेली.

उत्तरेच्या कमानींवर रोमन आकडे कोरलेले आहेत. एकूण ८० कमानी, त्यांपैकी ७६ ना क्रमांक होते. उरलेल्यांपैकी २३ ते ५४ वाचता येतात. प्रेक्षकाच्या हातात क्रमांकाचा बिल्ला असायचा, तो आणि कमान जुळवून आत जायचं.

सगळ्या दगडांवर मुठीएवढी भोकं दिसतात. त्या गोळ्यांच्या खुणा नाहीत. ट्रॅव्हर्टिन नावाच्या चुनखडीच्या दगडाचे ठोकळे चुन्याशिवाय, लोखंडी पकडींनी एकमेकांना बांधले होते. मध्ययुगात लोखंड महाग झालं तेव्हा लोकांनी सांध्यांवर भोकं पाडून पकडी काढून नेल्या. भोकं नेहमी दोन दगडांच्या सांध्यालगतच दिसतील, तपासून बघा.

तुटलेल्या भिंतीच्या दोन्ही टोकांना एकोणिसाव्या शतकातले विटांचे टेकू आहेत. पूर्वेचा स्टेर्न या वास्तुकाराचा, पश्चिमेचा व्हालाडिएर या वास्तुकाराचा. पूर्वेच्या टेकूजवळ नक्की थांबा: कमानींचे दगड खाली सरकता सरकता जसे होते तसेच विटांनी बुजवून टाकलेत. पडझड मधेच रोखलेली दिसते. लोक इथून घाईने पुढे जातात, कारण सेल्फीला ही बाजू चांगली नाही.

चुनाविटा

व्हालाडिएरचं नाव आलंच आहे तर फोरमच्या वाटेवरची टायटसची कमान चुकवू नका. मध्ययुगात ती एका किल्ल्याच्या भिंतीत चिणली गेली होती. १८२० च्या दशकात ती मोकळी करून पुन्हा उभारली, तेव्हा गेलेले भाग मुद्दाम ट्रॅव्हर्टिनमध्ये आणि बिनकोरीव केले. मूळ भाग संगमरवरी. मधला कोरीव भाग आणि बाजूचे साधे खांब यांतला फरक दहा पावलांवरून कळतो. जुनं कुठलं, नवं कुठलं हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे, हा जीर्णोद्धाराचा नियम इतक्या स्पष्टपणे पाळल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे. आपल्याकडे देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांना इथे सहलीला पाठवायला हवं.

आतल्या बाजूला जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेला सात शाखांचा दीप मिरवणुकीत नेताना दाखवलाय. ती लूट इ.स. ७० ची. कोलोसियमच्या बांधकामाला पैसा त्याच युद्धातून आला.

कॉन्स्टंटाइनची कमान कोलोसियमच्या शेजारीच आहे, तिला तिकीट नाही. इ.स. ३१५ ची, पण तिच्यावरची बरीच शिल्पं उसनी आहेत. तीन आधीच्या सम्राटांची: गोल चकत्या हेड्रियनच्या काळातल्या, माथ्यावरचे चौकोनी फलक मार्कस ऑरेलियसचे, मधल्या बोळातली लढाई ट्रेजनच्या स्मारकातली. गोल चकत्यांच्या खालच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या कॉन्स्टंटाइनच्या स्वतःच्या, बुटक्या, एकसारख्या, समोर तोंड केलेल्या माणसांच्या. सुमारे दोनशे वर्षांत कारागिरी कशी बदलली ते एकाच दगडी चौकटीत, वरून खाली नजर फिरवून दिसतं.

अबोली_९

फोरममध्ये मला नकाशा बघूनही काही उमगत नाही. नुसते खांब आणि ढिगारे. कुठून सुरुवात करावी?

दगडवाचक

फोरम कळायचं असेल तर एकच गोष्ट धरून चाला: जमिनीची पातळी. साम्राज्य गेल्यावर हा भाग मातीने आणि राडारोड्याने भरत गेला, इतका की पुढे त्याचं नाव 'काम्पो व्हाचीनो' म्हणजे गुरांचं कुरण पडलं. आज तुम्ही चालता ती जमीन खोदून काढलेली आहे.

याचा पुरावा अँटोनिनस आणि फाउस्टिनाच्या मंदिरात आहे. इ.स. १४१ चं मंदिर, समोर हिरवट पट्ट्यांच्या संगमरवराचे दहा खांब. आत चर्च झालं आणि सतराव्या शतकात त्याला नवं दर्शनी तोंड मिळालं. त्या चर्चचं दार आज खांबांच्या मागे हवेत लटकतंय, खाली पायरी नाही. दार बसवलं तेव्हा जमीन तिथे होती. खांबांच्या वरच्या भागावर तिरक्या खाचा दिसतात. खांब ओढून पाडायला दोर बांधले होते त्यांच्या म्हणतात. पडले नाहीत.

तिथून पुढे चार ठिकाणं.

मॅक्सेंटियसची बॅसिलिका, म्हणजे सार्वजनिक कामकाजाचं भव्य सभागृह: तीन अवाढव्य कमानी उभ्या आहेत, ती फक्त उत्तर बाजू. मधला सभामंडप यापेक्षाही उंच होता. त्याला आठ संगमरवरी खांब होते, त्यांतला एकच उरला आणि तो १६१३-१४ मध्ये पाचव्या पॉल पोपने सांता मारिया माज्जोरेसमोरच्या चौकात नेऊन उभा केला. तेर्मिनीजवळ राहणाऱ्यांच्या तो रोज नजरेला पडतो. तो डोळ्यांत साठवून इथे या, मग सभामंडपाची उंची मनात उभी राहते. या बॅसिलिकेच्या जागी आधी डोमिशियनची मिरीची कोठारं होती. मिरी अर्थातच आपल्या पश्चिम किनाऱ्याची.

क्युरिया, म्हणजे सिनेटची इमारत: अख्खी उभी आहे कारण तिचं चर्च झालं. २८३ च्या आगीनंतर डायोक्लेशियनने बांधलेली. रंगीत दगडांची जमीन मूळची. काशाची दारं मात्र नक्कल, मूळ दारं सतराव्या शतकात लॅटेरनच्या सेंट जॉन चर्चला गेली.

सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, २०३: लेखाची चौथी ओळ नीट बघा, अक्षरांभोवती जुन्या खळग्यांचे ठसे आहेत. सेव्हेरसचा मुलगा कॅराकल्ला याने भाऊ गेटाला मारून त्याचं नाव खरवडलं आणि त्या जागी स्वतःच्या आणि बापाच्या स्तुतीचे शब्द बसवले.

फोकासचा खांब, ६०८: फोरममधली शेवटची भर. खांब स्वतः जुनाच, कुठूनतरी आणलेला. याच फोकास सम्राटाने पँथिऑन, म्हणजे रोममधलं घुमटाचं प्राचीन देऊळ, पोपला दिलं आणि ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं.

वेळ: फोरम अडीच तास, पॅलाटाइन एक तास. सावली जवळपास नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उघडताच फोरम गाठा आणि कोलोसियमची वेळ दुपारची घ्या, निदान तिथल्या बोळांत सावली असते. हिवाळ्यातही फोरम आधीच, कारण साडेचारला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी.

ज्येष्ठांसाठी: व्हिया दी सान ग्रेगोरियोच्या दाराला रांग कमी असते, पण आत शिरताच पॅलाटाइनचा चढ लागतो. टायटसच्या कमानीकडून शिरलात तर फोरमकडे उतार मिळतो. व्हिया साक्रा या फोरममधल्या मुख्य रस्त्यावरचे काळे बेसाल्टचे दगड गोलसर आणि पावसात निसरडे आहेत. चपला नकोत. कोलोसियमच्या पायऱ्या उंच आहेत, पण लिफ्ट आहे, दारावर मागावी लागते.

चुनाविटा

पँथिऑनबद्दल माझी भर. २०२३ च्या जुलैपासून तिकीट लागतं, सुरुवातीला ते ५ युरोचं होतं. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी पर्यटकांना बंद असतं. चर्च असल्याने खांदे झाकलेले हवेत.

घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून छिद्रापर्यंतची उंचीही तेवढीच. सळई न घातलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही. तो टिकला याचं कारण खडीत आहे. पायाकडे ट्रॅव्हर्टिनची जड खडी, वर जाता जाता विटा आणि टफ नावाचा हलका ज्वालामुखी दगड, आणि अगदी वर प्युमिस, जो पाण्यावर तरंगतो. जाडीही तळाशी ६ मीटरच्या वर, छिद्रापाशी सव्वा मीटरच्या आसपास. त्यात पोझोलाना, म्हणजे ज्वालामुखीची राख, चुन्यात मिसळलेली. छिद्रातून पाऊस आत येतोच; जमीन मधोमध किंचित फुगीर आहे आणि तिला निचऱ्याची भोकं आहेत, ती शोधा.

वेळ दुपारी बाराच्या आसपासची घ्या. मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात उन्हाचा गोल भिंतीवरून जमिनीपर्यंत उतरतो, हिवाळ्यात घुमटावरच राहतो. २१ एप्रिलला, म्हणजे रोमच्या स्थापनेच्या मानलेल्या दिवशी, दुपारी तो बरोबर दारावर येतो. त्या दिवशी रांग किती असेल ते सांगायला नको.

बाहेरच्या ओसरीचे १६ खांब अखंड ग्रॅनाइटचे आहेत, इजिप्तमधून आणलेले. प्रत्येक सुमारे १२ मीटर. वरच्या लेखात अग्रिप्पाचं नाव आहे, पण इमारत हेड्रियनच्या काळात पूर्ण झाली. त्याने जुन्या मंदिराच्या कर्त्याचं नाव ठेवलं.

उलटसुलट

कोलोसियमपासून पाच मिनिटांवर सान क्लेमेंते चर्च आहे, ते कुणाच्याच यादीत नाही. वर बाराव्या शतकाचं चर्च, त्याखाली चौथ्या शतकाचं, त्याखाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि मित्र (मिथ्रास) नावाच्या देवाचं भुयारी मंदिर. तिकीट खालच्या दोन मजल्यांनाच. दगडवाचकांचा पातळीचा मुद्दा फोरममध्ये डोक्यावर बघावा लागतो, इथे जिन्याने उतरत जाता. दुपारी मधे बंद असतं, वेळ बघून जा.

तेरणाकाठ

पाँपेई, म्हणजे नेपल्सजवळचं ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, हा विषय शीर्षकात आहे, पण कुणी सुरू केला नाही, म्हणून मी करतो.

रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तास. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकाच्या खालच्या मजल्यावरून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल सुटते. सोरेंतोची गाडी पकडायची आणि 'पोंपेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' इथे उतरायचं, साधारण ३५-४० मिनिटं. चुकतं ते इथे: 'पोंपेई सांतुआरिओ' हे दुसऱ्याच, पोज्जोमारीनोच्या फाट्यावर आहे आणि सरकारी रेल्वेचं 'पोंपेई' आणखी तिसरीकडे. फलकावर शेवटचं स्थानक 'सोरेंतो' असेल तरच चढा. बऱ्याच गाड्यांत वातानुकूलन नाही, गर्दी मुंबईच्या लोकलसारखी, खिसेकापूही तसेच.

नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकीट नावानिशी. हंगामात सकाळ-दुपार अशी विभागणी असते. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, दारावर ठेवायची मोफत सोय आहे. चाकाची खुर्ची किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर पोर्ता मरीनाचा चढ टाळून पियात्सा अँफितेआत्रोच्या दाराने शिरा. तिथून साडेतीन किलोमीटरचा अडथळे कमी केलेला मार्ग सुरू होतो.

शहर सुमारे ६६ हेक्टरचं, त्यातलं दोन-तृतीयांश खोदलेलं. एका दिवसात सगळं होत नाही. पत्त्याची पद्धत समजून घेतली तर चुकत नाही. एकोणिसाव्या शतकात फिओरेल्लीने शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येकात घरांचे चौक, प्रत्येक चौकाला फिरून दारांचे क्रमांक. म्हणजे १-८-५ हा पत्ता पहिल्या विभागातला आठवा चौक, पाचवं दार.

हाच पत्ता मुद्दाम दिला. १-८-५ हे 'भारतीय मूर्तीचं घर'. १९३८ मध्ये इथे साधारण २४ सेंटिमीटरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दोन बाजूंना दासी, अंगभर दागिने. तिला लक्ष्मी म्हणत आले, आता अभ्यासक यक्षी म्हणणं पसंत करतात. डोक्यातून खाली आरपार छिद्र आहे, म्हणजे ती पूजेची नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी वस्तूचा पाय असावी. तशाच घाटाच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालन्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी व्यापार-वर्णनातलं तगर. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली मूर्ती आधी बघून गेलात तर नेपल्सची ओळखीची वाटते. इ.स. ७९ ला व्हेसुव्हियसची राख पडली, म्हणून पाँपेईच्या मूर्तीला कालखंडाची वरची मर्यादा आपोआप मिळते आणि तेर-भोकरदनच्या मूर्तींचा काळ ठरवायला तिचा उपयोग होतो.

मूर्ती पाँपेईत नाही. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात 'गुप्त कक्षात', म्हणजे शृंगारिक वस्तूंच्या दालनात आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. पाँपेईतली बहुतेक चांगली भित्तिचित्रं आणि मोझेकही तिथेच आहेत. पाँपेईतल्या 'फॉनच्या घरात' जमिनीवर दिसतं ते अलेक्झांडरचं मोझेक नक्कल आहे.

अबोली_९

तेरणाकाठ, हे माहीतच नव्हतं. नेपल्सला एकच मुक्काम असेल तर संग्रहालय आधी की पाँपेई?

तेरणाकाठ

पाँपेई आधी, सकाळच्या तुकडीत. चारच्या सुमाराला परत निघालात तर संग्रहालयाला दोन तास मिळतात, गारिबाल्दीहून मेट्रो १ ने 'मुझेओ' स्थानक. पाँपेईत रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड, गाड्यांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि दुकानांच्या सरकत्या फळ्यांच्या खाचा बघून झाल्या की संग्रहालयातल्या वस्तू कुठे बसत होत्या ते कळतं. उलट केलं तर नुसती भांडीकुंडी वाटतात. फक्त मंगळवार नको, संग्रहालय बंद असतं. मंगळवारच हाताशी असेल तर तो दिवस पूर्ण पाँपेईला द्या आणि बुधवारी सकाळी संग्रहालय करून दुपारच्या गाडीने निघा.

दगडवाचक

आणि पाँपेई जमणारच नसेल तर रोमजवळचं ऑस्तिया अँतिका. मेट्रोच्या पिरामिदे स्थानकाला लागून लोकल सुटते, शहराचंच दीड युरोचं तिकीट चालतं, अर्ध्या तासात पोचता. बंदरगाव, त्यामुळे श्रीमंतांचे वाडे कमी आणि गोदामं, चाळीवजा मजली घरं, भोजनालय, सार्वजनिक संडास जास्त. व्यापाऱ्यांच्या चौकात प्रत्येक कार्यालयासमोर जहाजाचं किंवा मालाचं काळंपांढरं मोझेक आहे. गर्दी पाँपेईच्या मानाने नगण्य. सोमवारी बंद.